ऑनलाइन गणिताचा तास: मुलांनी न घाबरता चुकावं म्हणून काय करायचं

ऑनलाइन गणिताच्या तासाला नाव घेऊन प्रश्न विचारला की हमखास ऐकू येतं, "सर, आवाज तुटतोय." कधी तो खरंच तुटत असतो. कधी उत्तर येत नसतं, आणि चाळीस जणांसमोर चुकण्यापेक्षा नेटवर्कवर ढकललेलं बरं वाटतं. शाळेच्या वर्गात शिक्षक वहीत डोकावतो, चेहरा वाचतो, बाकाजवळ जाऊन हळूच विचारतो. पडद्यावर यातलं काही जमत नाही. मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कळण्याची एकच वाट उरते, ती म्हणजे मुलाने स्वतःहून सांगणं. हसं होणार असेल तर कोणी सांगत नाही.

त्यामुळे इथे माणुसकीने वागणं हे शिकवण्याच्या कामातच मोडतं. आवाज मऊ ठेवला, "बाळा" म्हटलं, की झालं असं नाही. चुकीचं उत्तर देणं मुलाला स्वस्त पडावं अशी तासाची मांडणी करावी लागते. चुकीची उत्तरं आली तर काय शिकवायचं ते कळतं. ती आली नाहीत तर आपण दोन हुशार मुलांशी गप्पा मारत धडा संपवतो.

पुढचं सगळं सहावी ते दहावीच्या, ३० ते ५० पटाच्या वर्गासाठी आहे. बहुतेक मुलं मोबाइलवर आहेत आणि घरात मोबाइल एकच आहे, असं धरलं आहे.

भीतीने गणितच का बिघडतं

५ − (२ − क्ष) सोडवताना मुलाला एकाच वेळी तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात: कंसाबाहेरचं वजा चिन्ह, कंसातलं प्रत्येक पद, आणि आत्तापर्यंत लिहिलेली ओळ. ही धरून ठेवण्याची जागा फार थोडी असते. "आता माझं नाव घेतील" ही धास्ती त्याच जागेत येऊन बसते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं: गणिताची धास्ती असलेल्यांची ही तात्पुरती स्मृती आकडेमोड करताना कमी पडते, विशेषतः हातचा धरावा लागतो तेव्हा. म्हणजे घाबरलेल्या मुलाला येत असलेलं गणितही त्या क्षणी येत नाही. शिक्षकाला वाटतं, अभ्यास केलेला नाही. शिक्षक आवाज चढवतो आणि उरलीसुरली जागाही जाते.

इतिहासाच्या तासाला घाबरलेलं मूल थोडं कमी बोलेल. गणितात ते पहिल्या पायरीलाच अडखळतं, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पायरीवर उभ्या असतात.

तास सुरू होण्याआधी

झूम वापरत असाल तर चॅटची सेटिंग बदला, म्हणजे मुलांचे संदेश फक्त तास घेणाऱ्याला दिसतील. संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. ज्या ॲपमध्ये चॅट सगळ्यांनाच दिसतं, तिथे उत्तरं व्हॉट्सॲपवर वैयक्तिक मागवा किंवा गूगल फॉर्मची लिंक द्या. मोबाइलवर ॲप बदलताना मुलं काही सेकंद तासातून बाहेर जातात, हे गृहीत धरा आणि त्यावरून बोलू नका.

कॅमेऱ्याची सक्ती नको. मागे स्वयंपाक चाललेला असतो, आजोबा झोपलेले असतात, भिंतीचे पोपडे निघालेले असतात; ते वर्गाला दाखवायचं की नाही हे मुलाने ठरवावं. शिवाय दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर दोन तास व्हिडिओ चालला की डेटा संपतो आणि संध्याकाळी गृहपाठाचे फोटोही जात नाहीत. गणिताला तसाही चेहऱ्यापेक्षा वहीचा उपयोग जास्त. ज्यांना जमेल त्यांना सांगा: पुस्तकांचे दोन सारख्या उंचीचे गठ्ठे करा, त्यांवर पट्टी आडवी ठेवा, पट्टीवर मोबाइल असा ठेवा की मागचा कॅमेरा पट्टीबाहेरून खालच्या वहीवर येईल. गठ्ठा साधारण वीतभर उंच हवा. त्याहून कमी असेल तर अर्धंच पान दिसतं. तुम्हालाही हीच युक्ती चालते. स्लाइडवर तयार उत्तर दाखवण्यापेक्षा कागदावर हाताने, खाडाखोड करत सोडवलेलं गणित मुलांना जास्त कळतं, कारण तुम्ही कुठे थांबलात ते दिसतं.

मूल खरंच लक्ष देतंय की नाही हे ॲपकडून तपासण्याचा मोह सोडा. झूमला पूर्वी तशी सोय होती, समोरच्याने दुसरी खिडकी उघडली की कळायचं. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने ती काढून टाकली. गेली ते बरं झालं. पडद्याकडे बघणारं मूल गणित करतंय असा त्याचा अर्थ नसतोच. वहीत खाली मान घालून लिहिणारं मूल मात्र त्या हिशोबाने "लक्ष नाही" ठरतं.

तासाची लांबी ३० ते ४५ मिनिटं. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांतही एका सत्राला एवढाच वेळ सुचवला होता, पहिली ते आठवीला दिवसाला दोन सत्रं आणि नववी ते बारावीला चार. गणितासाठी ३५ मिनिटं पुरतात, त्यातली किमान १५ मिनिटं मुलांच्या हातात पेन असावं.

पहिली पाच मिनिटं

हजेरी नाव पुकारून घेऊ नका. चाळीस नावांना पाच-सहा मिनिटं जातात आणि उशिरा आलेल्याचा पंचनामा होतो. त्याऐवजी पडद्यावर एक गणित ठेवा, जे वर्गातल्या सगळ्यात मागे असलेल्या मुलालाही येईल, पण अगदीच बाळबोध नसेल. आठवीला: "२४ चे शक्य तेवढे विभाजक लिहा आणि मला पाठवा." कोणी चार लिहील, कोणी आठ, चुकीचं असं फार काही निघत नाही. आलेलं उत्तर हीच हजेरी. उशिरा आलेला मुलगा गुपचूप गणित करून पाठवतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न कसा विचारायचा

"समजलं का?", "कोणाला काही शंका?" हे प्रश्न ऑनलाइन तासात निरुपयोगी आहेत. उत्तर नेहमी शांतता असतं, आणि ती शांतता होकार समजून पुढे जाणं सोयीचं असतं. शंका विचारायला आपल्याला काय कळलं नाही ते आधी कळावं लागतं, आणि तेच तर अवघड असतं.

हा क्रम ठेवा. प्रश्न पडद्यावर लिहा आणि एकदा वाचा. मग म्हणा, "वहीत सोडवा, उत्तर टाइप करून ठेवा, पण अजून पाठवू नका." दोन मिनिटं थांबा. या दोन मिनिटांत तुम्ही बोलायचं नाही, हे शिक्षकांना सगळ्यात जड जातं. मग "आता पाठवा." सगळी उत्तरं एकदम येतात, त्यामुळे पहिला कोण याची शर्यत होत नाही आणि हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीचे आपलं खोडत नाहीत.

तोंडी प्रश्न असेल तर थांबण्याचा हिशोब वेगळा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं मोजली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं आढळलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. हे समोरासमोरच्या वर्गाचं. ऑनलाइनला आवाज पोचायला वेळ, माइकचं बटण शोधायला वेळ, घरात "जरा गप्प बसा" सांगायला वेळ. दहा सेकंद मनात मोजा. अवघडल्यासारखं वाटतं, पण मुलांना वाटत नाही. ती विचार करत असतात.

नाव घेऊन विचारायचंच असेल तर आधी कल्पना द्या: "सानिका, यानंतरचं दुसरं उदाहरण तुला विचारणार आहे, तोवर करून ठेव." आणि "पुढच्याला जाऊ दे" म्हणण्याची मुभा सगळ्यांना, कारण न विचारता. जो ती घेतो त्याच्याकडे त्याच तासात पुन्हा या, सोपी पायरी घेऊन. नाहीतर मुभेची सवय होते.

पर्याय असे द्या की चूक बोलेल

पोल घेताना तीन पर्याय मनाला येतील ते आणि एक बरोबर, असं करू नका. चुकीचा प्रत्येक पर्याय मुलांच्या खऱ्या चुकीतून आलेला हवा. विस्तारसूत्रांचं उदाहरण घेऊ. प्रश्न: (क्ष + ३)² = ?

अ) क्ष² + ९
ब) क्ष² + ३क्ष + ९
क) २क्ष + ६
ड) क्ष² + ६क्ष + ९
इ) अजून ठरत नाही

'अ' निवडणाऱ्याने वर्ग कंसात वाटून टाकला. त्याच्या मते बेरजेचा वर्ग आणि वर्गांची बेरीज एकच. 'ब' वाल्याला मधलं पद असतं हे माहीत आहे, ते दोनदा येतं हे निसटलं. 'क' वाल्याने वर्ग म्हणजे दुप्पट घेतलं. त्याला विस्तारसूत्र शिकवून उपयोग नाही, घातांकापासून सुरुवात करावी लागेल. 'इ' हा पर्याय कायम ठेवा. तो नसला की मुलं अंदाजपंचे दाबतात आणि तुमचा सगळा हिशोब चुकतो.

निकाल दाखवताना आकडे दाखवा, नावं नाहीत. त्यानंतर बरोबर उत्तर सांगण्याची घाई न करता म्हणा, "क्ष च्या जागी १ घाला आणि आपापला पर्याय तपासा." डावी बाजू ४² म्हणजे १६. 'अ' चं उत्तर १०, 'ब' चं १३, 'क' चं ८, 'ड' चं १६. चूक आहे हे मुलाला तुमच्याकडून ऐकावं लागत नाही, ते त्याला वहीत दिसतं. "तू चुकलास" आणि "हे जुळत नाही" यांत मुलाच्या दृष्टीने फार फरक आहे. मग (क्ष + ३) बाजूचा चौरस काढून चार तुकडे दाखवा: क्ष², ३क्ष, पुन्हा ३क्ष, आणि ९. 'ब' वाल्यांना आपला हरवलेला तुकडा सापडतो.

नंतर 'ब' कडे परत जाऊन सांगा की यातली दोन पदं बरोबर आहेत आणि तिसरं अर्धं बरोबर आहे. हे खरं आहे, म्हणून सांगायचं. खोटं कौतुक मुलं लगेच ओळखतात.

चुकीच्या उत्तराला काय म्हणायचं

समजा, ऋतुजाने माइक चालू करून सांगितलं, १/२ + १/३ = २/५. तुमच्या पुढच्या वाक्यावर तिचा महिना ठरतो, आणि ऐकणाऱ्या चाळीस जणांचाही.

"अगं, छेद सारखे करायचे असतात ना, पाचवीत झालंय!" हे वाक्य बरोबर आहे आणि तरी नको. त्यातून तिला नियम मिळतो आणि आपण मागे आहोत हेही कळतं; लक्षात दुसरं राहतं. त्याऐवजी:

"तू हे कसं केलंस ते सांग." ती म्हणेल, वरचे मिळवले, खालचे मिळवले.

"ठीक, पद्धत कळली. आता २/५ आणि १/२ यांत मोठा कोणता?" ती थांबेल. पाहिजे तर भाकरीचं चित्र काढा. अर्ध्यापेक्षा २/५ लहान.

"अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं. कुठेतरी गडबड आहे. कुठे असेल?"

इथे थांबा. उत्तर तिच्याकडूनच यावं, दुसऱ्याचा वर आलेला हात आत्ता नको. नाहीच आलं तर, "दोन मिनिटं बघ, मी परत येतो," म्हणून पुढे जा आणि खरंच परत या. न येणं हे रागावण्याइतकंच वाईट.

"कसं केलंस" हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारला तर दोन दिवसांत मुलांना कळतं की "कसं केलंस" म्हणजे चुकलं.

काही शब्द तोंडात बसलेले असतात, ते काढायला वेळ लागतो. "सोपं आहे" हा त्यातला पहिला. धीर द्यायला म्हणतो आपण, पण ज्याला येत नाही त्याला ऐकू येतं, "सोपंसुद्धा जमत नाही." "यात दोन पायऱ्या आहेत, दुसरीत चिन्ह सांभाळायचंय," हे जास्त कामाचं. "शाब्बास, हुशार आहेस" पेक्षा "चिन्ह बदलायचं तुझ्या लक्षात राहिलं" चांगलं, कारण काय टिकवायचं ते त्यात आहे. आणि मुलामुलांची तुलना, भावंडांची तुलना, "मुलींना भूमिती जडच जाते" छापाची वाक्यं पूर्ण बंद. कुणी चॅटमध्ये किंवा माइकवर हसलं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता, एका वाक्यात थांबवा: "इथे उत्तराला हसायचं नाही." भाषण नको.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. तास मोबाइलवर आहे म्हणून ती मनाई सैल होत नाही.

ऐकू न आलेला आकडा

कमी नेटवर्कवर मराठी संख्या फार दगा देतात. सत्तावन्न आणि सत्त्याण्णव, बावन्न आणि ब्याण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. शब्दाचा शेवट तुटला की संख्या बदलते. मुलाने बरोबर सांगितलेलं उत्तर तुम्हाला चूक ऐकू येतं, किंवा तुम्ही सांगितलेली संख्या त्याने दुसरीच लिहिलेली असते आणि पुढचं सगळं गणित नीट सोडवूनही उत्तर जुळत नाही. म्हणून प्रत्येक संख्या बोलताना लिहायची, आणि मुलांनी सांगताना अंक सुटे सांगायचे: "सत्तावन्न, पाच-सात." २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक' अशाही वाचायला दिल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात कोणत्याही बाजूला असा, तुटक्या आवाजावर सुटे अंकच टिकतात.

उत्तर जुळलं नाही की पहिला प्रश्न "तू कोणती संख्या घेतलीस?" हा असावा. गणितात चूक शोधण्याआधी हे विचारलं की बरेच गैरसमज तिथेच मिटतात.

गृहपाठ: फोटो, लाल खुणा आणि तुमचा वेळ

गृहपाठ गटावर मागवू नका, वैयक्तिक मागवा. गटावर पहिला फोटो पडला की बाकीच्यांना उत्तर मिळतं, आणि ज्याचं अक्षर खराब किंवा वही फाटकी तो पाठवतच नाही. त्याच कारणाने सगळ्यात नेटकी वही गटावर झळकवणंही टाळा. एखादी सुंदर रीत दाखवायची असेल तर स्वतः कागदावर उतरवून दाखवा.

पन्नास मुलांची रोज वही तपासणं जमत नाही आणि जमेल असं ठरवलं की आठवडाभरात नुसत्या टिकमार्क पडू लागतात. हिशोब करा: एका वहीला तीन मिनिटं म्हटली तरी पन्नासांना १५० मिनिटं. त्यापेक्षा रोज दहा वह्या नीट, पाच दिवसांत पट पूर्ण. रोज ३० मिनिटं. बाकीच्यांना उत्तरसूची द्या, स्वतः तपासू द्या आणि एकच ओळ मागवा: "कोणत्या गणितात कुठे अडलो."

तपासताना पूर्ण गणितावर फुली मारू नका. जिथवर बरोबर आहे तिथवर पायरीवार खुणा करा आणि जिथे पहिल्यांदा गाडी घसरली त्या ओळीला गोल. पुढच्या ओळी त्या चुकीतूनच आलेल्या असतात, त्यांना पुन्हा लाल करण्यात अर्थ नाही. ५ − (२ − क्ष) = ९ असं समीकरण असेल आणि मुलाने दुसऱ्या ओळीत ५ − २ − क्ष = ९ लिहून शेवटी क्ष = −६ काढलं असेल, तर गोल फक्त दुसऱ्या ओळीतल्या चिन्हाभोवती. (बरोबर उत्तर क्ष = ६.) पुढची त्याची आकडेमोड अचूक आहे, हे त्याला सांगा, त्याला समीकरण सोडवता येतं, कंस काढताना घसरतो. आख्ख्या गणितावर फुली पडली असती तर ही माहिती ना त्याला मिळाली असती ना तुम्हाला.

शेरा लेखी देण्यापेक्षा ३० ते ४० सेकंदांचा आवाजी संदेश बरा. लिहिलेलं "चिन्ह बघ" कोरडं वाटतं, आवाजात वाटत नाही. क्रम: काय बरोबर आहे, गोल कुठे आहे, आता नेमकं काय करायचं. उदाहरणार्थ: "समीकरण छान सोडवलंस. दुसऱ्या ओळीत कंसाबाहेर वजा आहे, तो आतल्या दोन्ही पदांना लागतो. तेवढी ओळ बदलून पुढचं परत कर आणि मला फक्त शेवटचं उत्तर पाठव." शेवटची मागणी छोटी असावी, "पूर्ण गणित परत लिही" म्हटलं की ते उद्यावर जातं.

गुण आणि शेरा एकत्र देऊ नका. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तो फायदा झाला नाही. गुण दिसले की मूल शेरा ऐकत नाही. आधी शेरा, दुरुस्ती आली की मग गुण. गुणांची यादी गटावर टाकणं तर सोडूनच द्या.

रात्री नऊनंतर संदेश नको, तुमचे त्यांना आणि त्यांचे तुम्हाला. निळी खूण आली तरी लगेच उत्तर येईल असं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. दमलेला शिक्षक रात्री अकराला तपासायला बसला की शेरे टोकदार होतात.

जो आलाच नाही

तीन तास गैरहजर असेल तर "का आला नाहीस?" असं विचारू नका; त्याचं उत्तर सबबच येणार. असं लिहा: "या आठवड्यात वर्गसमीकरणाचे अवयव पाडायला घेतलेत. सात मिनिटांचा व्हिडिओ पाठवतोय, त्यातलं पहिलं उदाहरण करून फोटो पाठव. जमलं नाही तर कुठवर आलं ते पाठव." त्यात काय राहिलंय, किती वेळ लागेल आणि पहिलं पाऊल कोणतं, हे तिन्ही आहे.

बऱ्याच घरांत मोबाइल वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी सात-आठला घरी येतो. अशा मुलांची यादी वेगळी ठेवा. त्यांच्यासाठी आख्ख्या तासाचं रेकॉर्डिंग उपयोगाचं नाही. ते जड असतं आणि कोणी बघत नाही. एका उदाहरणाचा सहा ते आठ मिनिटांचा तुकडा आणि सोडवलेल्या पानाचा फोटो पुरतो. नेट फारच खराब असेल तर फोटो आणि आवाजी संदेश, एवढ्यावरही गणित शिकवता येतं.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको. तक्रार ऐकून पालक मुलावर ओरडतात किंवा मोबाइल काढून घेतात, आणि मग मूल तासाला येणार कशावरून? फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: मोबाइल घरी किती वाजता असतो, आणि मुलाला शांत बसायला कुठली वेळ मिळते.

चाचणी

ऑनलाइन चाचणीत कॉपी होतेच. कॅमेरे लावून, मान हलली की ओरडून ती थांबत नाही, फक्त सरळ मुलांना गुन्हेगारासारखं वाटतं. त्याऐवजी प्रश्न बदला. हजेरी क्रमांक गणितात घाला: "पहिलं पद तुमचा हजेरी क्रमांक, सामान्य फरक ४, श्रेढीचं दहावं पद काढा." सतरा क्रमांकाचं उत्तर १७ + ९ × ४ = ५३. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि तपासायला तुम्हाला फक्त क्रमांकात ३६ मिळवायचे. त्यानंतर कुठलीही एक पायरी आवाजी संदेशात समजावून सांगायला लावा: "९ नेच का गुणलं, १० ने का नाही?" शेजाऱ्याचं उतरवलेल्याला इथे अडचण येते, आणि ज्याला येतं पण आकडेमोडीत घसरला त्याला आपलं समजलेलं दाखवायची संधी मिळते.

दहावीच्या बोर्डाला प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि वेळ दोन तास, तेव्हा वेगाची तयारी करावीच लागते. पण ती धड्याच्या शेवटी. संकल्पना नवी असताना घड्याळ लावलं की मुलं पाठांतराकडे वळतात. आधी बिनघड्याळाचं, मग स्वतःच्याच मागच्या वेळेशी तुलना, मग बोर्डाच्या वेळेत. पुन्हा देण्याची संधी एकदा ठेवा. आकडे बदलून, तीच संकल्पना.

माणुसकी कुठे फसते

मुलाची दया येऊन गणित आपणच सोडवून देणं, हे सगळ्यात जास्त घडतं. मूल अडलं, दहा सेकंद गेले, आपल्याला सहन होत नाही, आणि आपण "बघ, असं" म्हणून पूर्ण करतो. मुलाला सुटका मिळते, गणित येत नाही. एका वेळी एकच ओळ द्या आणि पेन त्याच्याकडेच ठेवा.

दुसरं, कमकुवत समजलेल्या मुलांना कायम सोपंच देत राहणं. ती सात दिवसांत ओळखतात की आपल्याला वेगळं काढलंय. गणित तेच ठेवा, आधार जास्त द्या: पहिली ओळ लिहून द्या, किंवा आकडे लहान करा. १७/२४ + ५/३६ च्या जागी ३/४ + १/६ चालेल. लसावि दोन्हीकडे काढावाच लागतो.

तिसरं, मुदतीचं. "कधीही पाठवा" म्हटलं की कधीच येत नाही. मुदत ठरलेली हवी, आणि चुकली तर रागवायच्या ऐवजी नवी मुदत, कामाचा आकार अर्धा करून.

होतंय की नाही, कसं ओळखायचं

आठवड्यातून एकदा तीन आकडे वहीत लिहा. त्या आठवड्यात एकदा तरी उत्तर पाठवलेली वेगवेगळी मुलं किती; चुकीची उत्तरं किती आली; "अजून ठरत नाही" किंवा "कळलं नाही" असं स्वतःहून किती जणांनी सांगितलं. पहिले दोन-तीन आठवडे चुका आणि "कळलं नाही" वाढले तर घाबरू नका. गणित बिघडलेलं नसतं, आजवर झाकलेलं दिसू लागलेलं असतं. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या महिन्याचे आकडे बघून त्यांचा गैरसमज होईल.

चुकीची उत्तरं येतच नसतील आणि उत्तरं पाठवणारी मुलं तीच ती आठ-दहा असतील, तर आधी चॅटची सेटिंग तपासा; ती मूळपदावर गेली असेल तर मुलांची उत्तरं पुन्हा सगळ्यांना दिसू लागतात. ती ठीक असेल तर स्वतःच्या एका तासाचं रेकॉर्डिंग लावा आणि दोनच गोष्टी मोजा: प्रश्नानंतर तुम्ही किती सेकंद गप्प राहिलात, आणि चुकीच्या उत्तरानंतरचं तुमचं पहिलं वाक्य काय होतं.